ही राखाडी सीट नेमकी कुणासाठी अडवून ठेवलीये? विमान कंपन्यांना नाशिकरोडहून खुले पत्र

प्रति,
देशातल्या सर्व विमान कंपन्यांचं व्यवस्थापन,
आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

नाशिकरोडला स्टेशनजवळ माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स, विमान सगळंच करतो, पण अलीकडे विमानाचं काम बरंच वाढलंय. गिऱ्हाईक म्हणाल तर निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले, नोट प्रेसमधून नाहीतर ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून रिटायर झालेले काका-काकू, बेंगळुरूला नोकरी लागलेल्या पोरांचे आईवडील, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी पुष्कळ माणसं. ह्यातला जवळजवळ प्रत्येक जण मला एक प्रश्न विचारतो आणि त्याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नसतं, ते फक्त तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ते सांगत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण तुमच्या कस्टमर केअरला मेल टाकला की जे उत्तर येतं ते कुणी माणसाने वाचून लिहिलंय असं वाटत नाही.

तर प्रश्न असा. तिकीट काढताना सीट निवडायचं पान येतं. मी मॉनिटर गिऱ्हाइकाकडे फिरवतो. काही चौकोन निळे, काही जांभळे, काही हिरवे, प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि मधेमधे राखाडी चौकोन ज्यांच्यावर क्लिक केलं तरी काही होत नाही. गिऱ्हाईक बोट ठेवून विचारतो, ही का नाही मिळत? बसलंय का कुणी? मी म्हणतो, बसलं असेल किंवा नसेलही. मग तो माझ्याकडे असा बघतो की जणू मीच काहीतरी लपवतोय. सिन्नरकडच्या एका आजोबांनी तर सरळ विचारलं, "आमदाराची राखीव हाये का ती?" मला हसू आलं पण त्यांचं चुकलं कुठे? आयुष्यभर एसटीने फिरलेला माणूस. एसटीत खिडकीच्या वर रंगाने लिहिलेलं असतं, ही महिलांसाठी, ही दिव्यांगांसाठी, ही स्वातंत्र्यसैनिकांसाठी, ही विधिमंडळ सदस्यांसाठी. आमदार एसटीने येतो का हा भाग वेगळा, पण सीट कुणासाठी अडवलीये ते तरी समजतं.

आता तुम्ही म्हणाल की ह्या बुकिंगवाल्याला काय कळतंय विमानातलं. थोडंफार कळतं हो. इतकी वर्षं हेच बघतोय, शिवाय आमच्या गावाजवळ ओझरला मिग जोडली गेली, सुखोई जोडली गेली, आता तेजस बाहेर पडायला लागलंय, तेव्हा विमानाचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे एवढं आमच्या पोरांनाही माहीत असतं. सीट बंद दिसते त्याची बरीच कारणं खरोखर योग्य आहेत, आणि ती मी गिऱ्हाइकांना समजावून सांगतोही, तुमच्या वतीने, फुकट.

उदाहरणार्थ एक्झिट रो. पंखावरच्या इमर्जन्सी दरवाजाजवळची रांग. तिथे बसणाऱ्याला वेळ आली तर दरवाजा उघडता आला पाहिजे, क्रूने सांगितलेलं समजलं पाहिजे, म्हणून तिथे लहान मूल नको, गरोदर बाई नको, हालचालीला त्रास असणारं माणूस नको, सीटबेल्टला जादा पट्टा लागणारं माणूस नको. विमानाचं मॉडेल पास होतं तेव्हाच दाखवून द्यावं लागतं की निम्मे दरवाजे बंद धरले तरी सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडतात. त्या हिशोबात एक्झिट रोमधला माणूस धडधाकट असणं किती महत्त्वाचं आहे हे सांगितलं की कुणीही समजून घेतं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावर माझ्याशी वाद घातला नाही.

तान्ह्या बाळाचंही तसंच. मांडीवर बाळ असेल तर काही रांगा आपोआप बंद होतात आणि आई वैतागते की ही सीट रिकामी आहे तरी का देत नाही. कारण अगदी साधं आहे, तीन सीटच्या वरच्या कप्प्यात ऑक्सिजनचे मास्क साधारण चार असतात, म्हणजे तीन मोठी माणसं आणि एक बाळ. त्याच तिघांत दुसरं बाळ आलं तर मास्क कमी पडणार. हे सांगितलं की आई स्वतःच म्हणते, नको नको, दुसरी द्या.

मग वजनाचं गणित. हे मला एचएएलमधून रिटायर झालेल्या एका काकांनी माझ्याच टेबलावर बसून शिकवलं, चहाचा कप इकडून तिकडे सरकवत. एटीआर हे छोटं पंख्याचं विमान, सत्तर-अठ्ठ्याहत्तर सीटचं, दोन इकडे दोन तिकडे, मधली सीट नाहीच. त्यात प्रवाशांचा दरवाजा मागे, सामानाचा मोठा कप्पा पुढे पायलटच्या पाठीमागे, आणि पुढच्या रांगेपाशी इमर्जन्सी एक्झिट. अशा विमानात निम्मीच माणसं असली आणि ती सगळी एकाच टोकाला जाऊन बसली तर तोल ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक फ्लाइटला लोड अँड ट्रिम शीट म्हणजे वजनाचा आणि तोलाचा हिशोब बनतो आणि काही वेळा काही रांगा मुद्दाम मोकळ्या ठेवतात. काका म्हणाले, "जमिनीवर हलकं वाटतं रे, वर गेल्यावर मोजावं लागतं." मोठ्या विमानातही हे गणित असतंच, छोट्यात ते चटकन जाणवतं इतकंच.

बाकी किरकोळ कारणं. एखाद्या सीटचा पट्टा किंवा पाठ बिघडली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत बंद. ड्युटीवर दुसऱ्या शहरात जाणारा क्रू प्रवासी म्हणून बसणार असेल तर त्यांच्या सीट बाजूला. लांबच्या इंटरनॅशनल फ्लाइटला क्रूच्या आरामासाठी काही सीट, पुढच्या भिंतीजवळची रांग बाळाच्या पाळण्यासाठी. आणि काही सीट एअरपोर्टच्या काउंटरच्या हातात ठेवलेल्या, म्हणजे आयत्या वेळी व्हीलचेअरवाला आला, कुटुंब फुटलं, विमान बदललं तर सांभाळून घ्यायला. मला तर वाटतं काउंटरकडे अशा थोड्या सीट असल्याच पाहिजेत.

इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. पुढे आहे.

ह्या सगळ्या कारणांचा रंग राखाडी. आणि ज्या सीट तुम्ही निव्वळ धंद्यासाठी दाबून ठेवता, म्हणजे तुमच्या वारंवार उडणाऱ्या कार्डवाल्यांसाठी, कंपन्यांच्या बल्क बुकिंगसाठी, किंवा जवळची तारीख आली की जास्त भावाने काढायच्या म्हणून, त्यांचाही रंग राखाडी. सेफ्टीची सीट आणि कमाईची सीट शेजारी शेजारी, एकाच रंगात. गिऱ्हाइकाला वाटतं विमान भरत आलंय. नवराबायकोला शेजारी बसायचंय, उरलेल्या मोकळ्या सीटांवर भाव लिहिलेले, मग ते म्हणतात जाऊ दे, घ्या पैसे देऊन, नाहीतर तेवढ्याही जातील. दोनशे-तीनशेपासून हजार-दीड हजारापर्यंत एका सीटचे, जाताना वेगळे येताना वेगळे, कनेक्टिंग असेल तर प्रत्येक टप्प्याचे वेगळे. मधल्या सीटचेसुद्धा पैसे! मधली सीट, जिथे दोन्ही बाजूच्या कोपरांमधे माणूस आंबेडाळीसारखा वाटला जातो, तिचा भाव. आणि दोन दिवसांनी तोच माणूस फोन करून सांगतो की अहो, निम्मं विमान रिकामं होतं.

तुमच्यापैकी एका कंपनीचा किस्सा सांगतो, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण एकाला झोडपून बाकीच्यांना सोडून द्यायचं नाहीये. मखमलाबादचं एक जोडपं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी, मुंबईहून कोलकाता, पुढे अंदमान. तिघं एकाच पीएनआरवर. सीटचे पैसे भरायचे नाहीत असं त्यांनी आधीच सांगितलेलं, बजेट ठरलेलं होतं. वेब चेक-इन उघडलं आणि सिस्टीमने आपोआप सीट दिल्या, बाप नवव्या रांगेत, आई सतराव्या, आणि पोरगी चोविसाव्या रांगेत मधल्या सीटवर. सहा वर्षांची पोरगी, दोन अनोळखी माणसांच्या मधे. आई माझ्यासमोर बसलेली, तिने स्क्रीन बघितली आणि काहीच बोलली नाही, पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बदलायला गेलो तर पोरीच्या आजूबाजूच्या सगळ्या सीट राखाडी, आणि पुढे तीन सलग सीट होत्या त्या पैशाच्या. भरले पैसे. विमानातून बापाने मला फोटो पाठवला, त्यांच्या मागच्या दोन्ही रांगा रिकाम्या, अगदी खिडकीपासून रस्त्यापर्यंत, दरवाजा बंद झाल्यावरही. बुकिंगच्या वेळी ह्याच रांगा राखाडी होत्या, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला. तो जोडून मेल केला तर उत्तर आलं की सीट उपलब्धतेनुसार दिल्या जातात. उपलब्ध तर होत्या ना साहेब.

आता डीजीसीएला विचारतो, कारण एप्रिल २०२४ मधे तुम्हीच सगळ्या कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाजवळ सीट द्यायची आणि त्याचं रेकॉर्ड ठेवायचं. चांगला आदेश आहे, मी तो प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. पण तो आदेश सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेला दिसत नाही. सिस्टीमला पोरीचं वय माहीत आहे, जन्मतारीख आपण टाकतोच, तरी ती तिला बापापासून पंधरा रांगा लांब फेकते आणि मग शेजारची सीट विकायला काढते. एअरपोर्टवर काउंटरला सांगितलं असतं तर बदलून मिळाली असती, असं तुमचा माणूस फोनवर म्हणाला. शक्य आहे. पण नाशिकहून रात्री निघून, कसारा घाट उतरून, पहाटेच्या फ्लाइटला पोचणाऱ्या आईने 'मिळाली असती'वर का अवलंबून राहायचं? तिने रात्रभर गाडीत तोच विचार करायचा का?

दुसरी तक्रार, एकाच विमानाचे दोन नकाशे. माझ्या एजंट पोर्टलवर एक सीट बंद, तीच तुमच्या ॲपवर चालू, आणि गिऱ्हाइकाच्या मुलाने बेंगळुरूहून दुसऱ्या साइटवर बघितलं तर तिथे वेगळंच. एका कंपनीचं तिकीट आणि दुसऱ्याच कंपनीचं विमान असं कोडशेअर असेल तर विचारूच नका, कधीकधी नकाशाच येत नाही, नुसतं लिहून येतं की सीट नंतर निवडा, आणि नंतर गेलं की चांगल्या सगळ्या गेलेल्या. गिऱ्हाइकासमोर खोटं पडतो ते मी. तुमचं काही जात नाही.

तिसरं म्हाताऱ्या माणसांचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक काकू, व्हीलचेअर मी बुकिंगमधेच टाकली होती, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तरी सीट आली मागून चौथ्या रांगेत खिडकीची. पुढच्या रस्त्याकडेच्या सीट राखाडी. ह्यात मी काउंटरला दोष देणार नाही, तिथल्या मुलीने बघितल्याबरोबर बदलून दिली आणि वर पाणीही आणून दिलं. म्हणजे सीट होती. माणसाला दिसली, सिस्टीमला दिसली नाही, किंवा सिस्टीमला ती दाखवायची नव्हती. रेल्वेत बघा, ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका ह्यांना लोअर बर्थ कॉम्प्युटर स्वतःच बघतो, असेल तर देतो, नसेल तर नाही, जादा पैसे मागत नाही. रेल्वेच्या नावाने आम्ही रोज खडे फोडतो, पंचवटी एक्सप्रेस लेट झाली की नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर काय काय ऐकायला मिळतं ते लिहिता येणार नाही, पण तिच्याही पासधारकांच्या डब्यावर तसं लिहिलेलं असतं. वेटिंगचं तिकीट असलं तरी जनरल कोटा, रिमोट कोटा, तत्काळ, काय ते तिकिटावर छापलेलं असतं. खेड्यातल्या माणसालाही आता आरएलडब्ल्यूएल, म्हणजे रिमोट कोट्याचं वेटिंग, म्हटलं की कळतं की हे सहसा कन्फर्म होत नाही. तिथे कोटे उघड आहेत. तुमच्याकडे कोटे आहेत पण त्यांना नाव नाही.

चौथी गोष्ट, पैसे भरून घेतलेली सीट बदलते तेव्हाची. विमान बदललं, एअरबसच्या जागी दुसरं आलं, समजू शकतो. पण मग सीटचे पैसे आपोआप परत आले पाहिजेत का नको? ते मागावे लागतात, फॉर्म भरावा लागतो, पीएनआर द्यावा लागतो, बोर्डिंग पासचा फोटो द्यावा लागतो. चारशे रुपयांसाठी कोण करतं एवढं. आणि कोण करत नाही हे तुम्हाला चांगलं माहीत आहे.

इथे तुमची बाजूही लिहितो नाहीतर म्हणाल एकांगी आहे. तिकीट स्वस्त ठेवायचं तर जादा सोयींचे पैसे वेगळे घ्यावे लागतात, ज्याला खिडकी हवी त्याने द्यावेत, ज्याला कुठेही बसलं तरी चालतं त्याच्यावर त्याचा बोजा नको. मला हे पटतं. डीजीसीएने पसंतीच्या सीटचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिलेली आहे आणि सीट न निवडणाऱ्याला सिस्टीमने आपोआप सीट द्यायची सोयही त्यात आहे, हेही मला माहीत आहे. पण त्याच परवानगीत असंही आहे की अशी सेवा प्रवाशाने स्वतःहून घेतली तरच, त्याच्या गळ्यात मारायची नाही. आणि जिथे रिकामी सीट बंद दाखवून, पोर लांब बसवून, मग शेजारची सीट भावासकट पुढे केली जाते, तिथे 'स्वतःहून' म्हणजे किती स्वतःहून? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या युक्त्यांबद्दल, नियमावली काढली, त्यात १३ प्रकार दिलेत, त्यातला पहिलाच खोटी घाई, म्हणजे माल संपत आलाय असं भासवून माणसाला पैसे काढायला लावणं. तुमचा राखाडी चौकोन त्यात बसतो की नाही ते प्राधिकरणाने ठरवावं, माझ्या टेबलावरून बघितलं तर फार लांब नाही वाटत.

आणि बोर्डिंग पासचं आठवतंय ना? काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे वेगळे पैसे घेणं काही ठिकाणी सुरू झालं होतं. जुलै २०२२ मधे मंत्रालयाने सांगितलं की असे पैसे घेता येणार नाहीत. विमान कंपन्या काही त्यामुळे बुडाल्या नाहीत. म्हणजे वरून एक ओळ आली की बदल होतो, तोही लगेच.

एक शंका माझ्या गिऱ्हाइकांच्या मनात कायम असते ती पण लिहितो. सीट नंबर नसला तर विमानातून उतरवतात का? ओव्हरबुकिंगच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात. मी सांगतो की कन्फर्म तिकीट आणि वेळेवर चेक-इन असूनही तुम्हाला चढू दिलं नाही तर डीजीसीएचा नियम आहे, तासाभरात दुसऱ्या फ्लाइटची सोय केली तर भरपाई नाही, २४ तासांच्या आतल्या फ्लाइटने पाठवलं तर बेसिक भाडं आणि फ्युएल चार्जच्या दुप्पट पण जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याच्याही पुढे गेलं तर चौपट आणि जास्तीत जास्त २०,०००. हे ऐकून माणूस शांत होतो. पण हे तुमच्या सीट निवडायच्या पानावर कुठे असतं? तिथे असतं ते मोठ्या अक्षरात 'आत्ताच सीट पक्की करा', आणि 'सीट न निवडता पुढे जा' हे खाली कोपऱ्यात, इतकं बारीक की चाळिशीचा चष्मा लावूनही मला शोधावं लागतं. पहिल्यांदा तिकीट काढणारा माणूस समजतो की सीट घेतल्याशिवाय तिकीटच होत नाही. स्वतः मोबाईलवर तिकीट काढून, सगळ्या घरादाराच्या सीटांचे पैसे भरून, मग माझ्याकडे नुसतं विचारायला आलेली माणसं मी बघितलीयेत.

मागण्या फार मोठ्या नाहीत. सीट फुकट करा असं मी म्हणत नाहीये हे पुन्हा एकदा.

मुख्य मागणी एकच, बंद सीटवर बोट ठेवलं की कारण दिसलं पाहिजे. घेतलेली आहे, एक्झिट रो, बाळाच्या मास्कमुळे, तोलासाठी, दुरुस्ती, क्रू, काउंटरकडे राखीव, कार्डधारकांसाठी राखीव. एवढ्या आठ-दहा शब्दांत होतं, मराठीत आणि हिंदीतही करा. माणसाचं नाव सांगू नका, कोण बसलंय ते आम्हाला नकोच आहे, फक्त कारण. सेफ्टीची सीट आणि धंद्यासाठी ठेवलेली सीट ह्यांचे रंग तरी वेगळे करा, हे काम तर एका दुपारचं आहे, तुमच्याकडे रंग पुष्कळ आहेत, भाव दाखवायला वापरताच.

काउंटरकडे आणि कार्डधारकांसाठी ठेवलेल्या सीट उरल्या असतील तर त्या वेब चेक-इन बंद व्हायच्या आधी ठराविक वेळेला सगळ्यांना मोकळ्या करा, आणि ती वेळ जाहीर करा. रेल्वेचा चार्ट लागतो तशी.

१२ वर्षांपर्यंतचं मूल पीएनआरवर असेल तर सिस्टीमने पहिल्याच फेरीत पालकाशेजारची सीट द्यावी, काउंटरवर भीक मागायला लावू नये. व्हीलचेअर टाकलेली असेल तर रस्त्याकडेची पुढची सीट, तीही आपोआप. पैसे घेतलेली सीट तुमच्या बाजूने बदलली तर रिफंड न मागता, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. एजंटच्या पोर्टलवर आणि तुमच्या ॲपवर नकाशा एकच. आणि 'सीट न निवडता पुढे जा' हे बटण दुसऱ्या बटणाएवढंच मोठं.

ओझरहून फ्लाइट वाढतायत, २०२७ ला सिंहस्थ आहे, देशभरातून म्हातारी माणसं नाशिक-त्र्यंबकला येणार, त्यातली कितीतरी पहिल्यांदाच विमानात बसणार, कुणी एकटी, कुणी नातवाचं बोट धरून. त्यांना ऑटो असाइन काय आणि प्रेफर्ड सीट काय. त्याच्या आधी हे झालं तर बरं. नंतर काय, गर्दीचं कारण आहेच.

डीजीसीएकडे एक वेगळी मागणी. २०२४ च्या आदेशात मुलांना पालकाजवळ बसवल्याचं रेकॉर्ड ठेवायला सांगितलंय. ते रेकॉर्ड कुणी तपासलं का? किती मुलं सिस्टीमने आधी वेगळी बसवली आणि त्यातली किती आईबापांनी पैसे भरून जवळ आणली, हे कंपनीनिहाय आकडे दर तीन महिन्यांनी तुमच्या वेबसाइटवर टाका. फ्लाइट लेट झाल्याचे, रद्द झाल्याचे आकडे तुम्ही दर महिन्याला देताच, त्याच तक्त्यात एक रकाना वाढवला तरी चालेल.

आणि उत्तर मला एकट्याला मेलवर नको. तुमच्या वेबसाइटवर द्या, सगळ्यांना दिसेल असं. मी त्याची प्रिंट काढून काचेखाली ठेवेन, २०२४ च्या आदेशाशेजारी जागा आहे.

कळावे,
एक तिकीट बुकिंगवाला
नाशिकरोड